समोरचे आणि पडद्यापलीकडचे

पहाटे ५.३०

मृग लागला की नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात कुणालाच सवड नसते. सोयाबीन, तूर, मूग, उडदाच्या पेरण्या, खता-बियाण्यांसाठी धावपळ, आणि त्याच दिवसांत बिळात पाणी शिरल्यामुळे बाहेर पडलेले साप. म्हणून सर्पदंशाचं प्रशिक्षण पावसाआधीच व्हावं, असा माझा आग्रह असतो. आज तो दिवस आहे. अकरा वाजता मुखेडच्या सभागृहात आशाताई, शाळांचे शिक्षक आणि काही सर्पमित्र समोर बसतील. त्याच वेळी मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, बेटमोगरा या बाजूच्या परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि तांड्यांवरच्या आशाताई मोबाईलवरून जोडल्या जातील. बोलणारा डॉक्टर एक, ऐकणारे दोन जागी.

मुखेडला हा विषय नवा नाही. इथल्या डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण भागातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये मांडला. त्या ज्ञानाचा उपयोग मात्र रुग्ण दवाखान्यात पोचला तरच होतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला आहे. मृत्यू मुख्यतः खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले.

चहा घेताना वहीत एकच प्रश्न लिहितो: रात्री दोन वाजता तांड्यावर कुणी दार ठोठावलं, तर त्या आशाताईला माझ्या बोलण्यातलं काय आठवायला हवं? उत्तर पाच वाक्यांत लिहून काढतो. धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा. बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. या पाच वाक्यांना जे धरून नाही, ते आजच्या तासातून जातं. घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष कसं तयार होतं, हा मला फार प्रिय विषय. तोही आज बाजूला ठेवतो.

सकाळी ७.१५

सुरुवातीची दोन मिनिटं मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करतो. मग ते दोनदा तपासतो. एकदा फोन पालथा ठेवून नुसता आवाज ऐकतो, एकदा आवाज बंद करून नुसतं चित्र पाहतो. ऐकताना कळतं की वाक्य लांबलं की शेवटचा शब्द पडतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘बांधा’ की ‘बांधू नका’ हे नेमकं त्या पडलेल्या शब्दात असतं. सभागृहात माझा चेहरा पाहून लोक अर्थ लावतात. कमी रेंजमध्ये आवाज तुटला तर तांड्यावर उलटा अर्थ पोचू शकतो. म्हणून नकाराची वाक्यं आखूड करतो आणि प्रत्येक नकार दोनदा म्हणतो.

बिनआवाजाचं चित्र पाहताना नजर तपासतो. स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसत असला की डोळे सारखे तिकडे जातात, आणि पलीकडच्याला वाटतं, हा माणूस दुसरीकडेच बघतोय. व्हिडिओ बैठकांच्या थकव्यावर स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं, तेव्हा सतत स्वतःला पाहत राहणं हे त्यांनी थकव्याच्या चार कारणांपैकी एक मानलं होतं. स्वतःचा चौकोन मी सुरुवातीलाच लपवून टाकतो.

सकाळी ८.३०

सभागृहात पोचल्यावर आधी आवाज. चित्र अस्पष्ट असलं तरी लोक ऐकत राहतात, आवाज खरखरला की पाच मिनिटांत फोन खाली ठेवतात. इथे छताला पंखे आणि कोपऱ्यात कूलर. या उन्हाळ्यात पंखे बंद करता येणार नाहीत, तेव्हा लॅपटॉपच्या माईकवर भरवसा नको. कॉलरला लावायचा छोटा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतो. माझ्या मागचा पंखा आणि कूलर तेवढे बंद. सभागृहातला स्पीकर माझ्यापुढे, लोकांकडे तोंड करून, म्हणजे त्याचा आवाज माईकमध्ये शिरून घुमणार नाही.

मग कॅमेरा. मोबाईल तिपाईवर लावून पहिल्या ओळीच्या मधल्या खुर्चीच्या जागी उभा करतो, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. ही जागा फार महत्त्वाची. कॅमेरा बाजूच्या टेबलावर ठेवला तर समोरच्यांकडे बघताना पलीकडच्यांना माझा कान दिसतो, आणि कॅमेऱ्याकडे बघताना समोरच्यांना वाटतं, आपल्याला सोडून हा भिंतीशी बोलतोय. कॅमेरा लोकांमध्येच बसला की नजर फिरवताना तो आपोआप वाटेत येतो. भिंगाच्या वर बेटमोगऱ्याच्या सिस्टरचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. काचेच्या डोळ्याशी बोलणं कठीण, ओळखीच्या माणसाशी सोपं.

जमिनीवर खडूने चौकोन आखतो. बोलताना फिरायची सवय वर्गात चालते, पण पडद्यावर माणूस सारखा चौकटीबाहेर जातो.

उजेडाचा पेच दरवेळी असतो. प्रोजेक्टरला अंधार हवा, कॅमेऱ्याला प्रकाश. पडदा खिडकीपासून दूरच्या भिंतीवर घेतो, त्याच्यावरची ट्यूबलाईट काढून टाकतो, आणि मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. खिडकी पाठीशी असती तर माझी नुसती काळी आकृती दिसली असती. कपड्यांचंही तेच. पांढऱ्याशुभ्र अॅप्रनमुळे मोबाईल चित्र आपोआप गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर लहरत राहतो. आज साधा निळा सदरा.

सकाळी ९.४५

आमच्या टीममधली एक ताई आज ‘पलीकडची’ आहे. तिचं काम एवढंच: सभागृहाच्या बाहेर, व्हरांड्यात बसून, साध्या फोनवर, मोबाईल डेटावर, कानात इअरफोन घालून दूरच्या माणसासारखं हजर राहायचं. आतल्या वायफायवर सगळं छान दिसतं, त्यावर विसंबता येत नाही.

“ताई, आवाज येऊलाला का?”

“येऊलालाय सर, पण पडद्यावरचं अक्षर वाचता येईना.”

चित्रांवरचा मजकूर अर्धा करतो. एका चित्रावर एक ओळ. शिवाय सगळी चित्रं मोठा आकडा घालून व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच पाठवून देतो. व्हिडिओ अडकला तरी “चित्र ३ काढा” म्हटलं की काम चालू राहतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, भरलेली पॉवर बँक, लॅपटॉप इन्व्हर्टरवर. व्हिडिओ पूर्णच बंद पडला तर कुणी कोणत्या नंबरवर फोन करायचा, तेही ग्रुपवर लिहून ठेवतो.

सकाळी ११.००

सभागृह भरलंय. मी आधी पलीकडच्यांना हाक मारतो. गावाचं नाव घेऊन, एकेक करून. प्रत्येकीचा “आहे सर” सभागृहातल्या स्पीकरवर येतो आणि समोरच्यांना पहिल्यांदा जाणवतं की खोलीत आणखी माणसं आहेत. मग समोरच्यांना कॅमेऱ्याकडे वळून नमस्कार करायला सांगतो. दोन मिनिटं जातात, पण हे केलं नाही तर पुढचा तासभर पलीकडच्या आशाताईंना आपण कुणाच्या तरी घरात डोकावतोय असं वाटत राहतं.

लगेच टेबलाशी येतो. आमच्यातल्या एकाने राजीखुशीने दोन मिली रक्त दिलंय. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ते टाकतो आणि नळी स्टँडवर उभी करतो. दुसरा मोबाईल नळीवर रोखलेला आहे, त्यामुळे समोरच्यांना ती मोठ्या पडद्यावर आणि पलीकडच्यांना हातातल्या फोनवर सारखीच दिसते. भिंतीवरच्या घड्याळात ११.०५. “आता वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही.”

रक्त गोठतं की नाही हे पाहण्याची ही चाचणी. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्ताची गोठण्याची क्षमता जाते. वीस मिनिटांनी नळी हळूच एकदा कलती करायची, रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय असं समजायचं. नळी काचेचीच हवी, आणि धुण्याच्या पावडरीने धुतलेली चालत नाही, निष्कर्ष चुकतो. लहान केंद्रावरसुद्धा करता येते, यंत्र लागत नाही. ती घडताना दाखवायची म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना एकच घड्याळ मिळतं.

सकाळी ११.०७

या वीस मिनिटांत पाच वाक्यं. प्रत्येक वाक्याला हात, वस्तू किंवा माणूस. पायाला लाकडी पट्टी बांधताना मी पाय टेबलावर घेऊन कॅमेऱ्याजवळ आणतो, मोडलेल्या हाडाला आधार देतात तशी पट्टी, वर सैलसर पंचा. रक्त थांबवणारी घट्ट दोरी का नको, हे बोलून सांगत नाही. स्वतःच्या बोटाला रबर घट्ट गुंडाळतो आणि बोलत राहतो. बोट निळसर होत जाताना भिंगापुढे धरतो, मग सोडवतो.

काही गोष्टी कॅमेऱ्यातच जास्त चांगल्या दिसतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी व्रणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, आणि मग पापण्या जड होतात. मी भिंगाच्या अगदी जवळ जाऊन पापण्या अर्ध्या मिटतो आणि त्या वर उचलायला कपाळ ताणतो. शेवटच्या ओळीतल्या शिक्षकांना माझा चेहरा एरवी दिसलाच नसता, पडद्यावर तो हातभर मोठा आहे. “अशी नजर दिसली आणि रात्री माणूस खाली झोपला होता, तर साप दिसला नसला तरी निघायचं.”

एक मामा उठून विचारतात, “साहेब, साप मारून संगं आणावा का?” समोर हशा होतो. पलीकडच्यांना ना प्रश्न ऐकू गेला, ना हशाचं कारण कळलं. मी माईकवर प्रश्न पुन्हा उच्चारतो, मग उत्तर देतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप शोधण्यात वेळ घालवू नका. साप मारायला गेलेल्या दुसऱ्या माणसालाही साप चावू शकतो. मामांचा प्रश्न चांगला होता, हेही सांगतो.

सकाळी ११.२५

नळीकडे वळतो. सभागृह शांत, पलीकडचे सगळे माईक बंद. नळी भिंगापुढे धरून हळूच कलती करतो. रक्त जागेवरून हलत नाही. निरोगी रक्ताची गुठळी झाली आहे. “हे पातळ वाहिलं असतं तर?” असं विचारतो आणि थांबतो. आवाज तिकडे पोचायला, उत्तर इकडे यायला वेळ लागतो. शिवाय माईक सुरू करायला बाईंना बटण शोधावं लागतं. मनात पाचपर्यंत मोजतो. समोरच्या लोकांना ही शांतता लांबल्यासारखी वाटते, म्हणून त्यांना सांगतो, “जांबच्या सिस्टर बोलतायत, थांबू या.” उत्तर येतं: “प्रतिविष सुरू करायचं सर, आणि वरच्या डॉक्टरांना कळवायचं.” वीस मिनिटं म्हणजे किती, हे आता दोन्हीकडच्यांना नेमकं माहीत झालंय. घाईने पाचव्या मिनिटाला नळी हलवण्याचा मोह होईल तेव्हा ते आठवेल.

सकाळी ११.४०

वीज जाते. समोरच्यांचा पडदा आणि स्पीकर बंद. माझा माईक, मोबाईल, नेट बॅटरीवर, म्हणजे पलीकडे काहीच बिघडलेलं नाही. सभागृहातल्यांना मोठ्याने सांगतो, आणि कॅमेऱ्यातही सांगतो, की इथली वीज गेलीय, तुमचं चालू राहील. समोरच्यांनी आपापल्या फोनवर ग्रुपमधलं चित्र ४ काढायचं. दहा मिनिटं दोन्हीकडचे लोक हातातल्या फोनवर तेच चित्र पाहत असतात. काय चाललंय ते बोलून सांगितलं की अडचण सगळ्यांची होते आणि कुणी उठून जात नाही.

पडद्यात डोकं घातलेले हे लोक पाहून एक जुना प्रयोग आठवतो. शेजारच्या कर्नाटकातल्या विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतल्या गावांनी दूरचं शिक्षण पडद्यावर फार आधी पाहिलं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. गाव एका संचापुढे जमायचं. प्रयोग फार मोठा होता, पण समोरच्या गावकऱ्याला तिथल्या तिथे विचारायची सोय नव्हती. आज तांड्यावरची आशाताई मला मध्येच थांबवू शकते. ती सोय असताना मी तासभर एकटाच बोललो, तर ती वाया गेली.

दुपारी १२.००

आता बोलण्याची पाळी त्यांची. “कळलं का?” असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दोन्हीकडून “हो” असंच येतं. त्याऐवजी प्रसंग देतो. रात्री अडीच, अंगणात झोपलेली दहा वर्षांची पोरगी, पोटात दुखतंय, घरातले मारुतीच्या देवळात न्यायच्या तयारीत. काय कराल?

आधी पलीकडचे, मग समोरचे, हा क्रम ठरलेला. उलट केलं की समोरचे सगळं बोलून टाकतात आणि पलीकडच्यांना “तेच सर” म्हणण्याशिवाय काही उरत नाही. एका तांड्यावरच्या आशाताई सांगतात: “देवळात जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत सर. मी म्हणते, देवाला इथूनच हात जोडा, नारळ आल्यावर फोडू, आता गाडी काढा.” सभागृहात माना डोलतात. हे माझ्या पाच वाक्यांत नव्हतं आणि असायला हवं होतं. त्यांना विनंती करतो की हेच तुमच्या गोरमाटी बोलीत, कॅमेऱ्याकडे बघून, पुन्हा सांगा. त्या सांगतात. आजच्या तासातली सर्वांत परिणामकारक दोन मिनिटं ती. त्यांच्या तांड्यातली भाषा, त्यांचाच आवाज.

दूर बसलेल्याने आपली केस मांडायची आणि सगळ्यांनी मिळून शिकायचं, ही रीत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ पासून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये ‘प्रोजेक्ट एको’तून रुजवली. खेड्यातल्या डॉक्टरांना तिथे हिपॅटायटिस सी या आजाराचे उपचार असे शिकवले गेले. मुखेडला तीच रीत लागू पडते, कारण गाडी नसताना मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला कसं बसवायचं, हे माझ्यापेक्षा रस्त्यावरच्या माणसाला जास्त कळतं.

दुपारी १.३०

जेवणाच्या डब्याशेजारी वही. व्हरांड्यातली ताई तिच्या नोंदी वाचते: कुठे आवाज तुटला, कोणती गावं एकदाही बोलली नाहीत, कधी मी पडद्याकडे पाठ केली. समोर बसलेल्या एका शिक्षकांना त्यांच्या बाजूचं विचारलेलं असतं. त्यांचं म्हणणं, पलीकडच्यांना हाका मारताना समोरचे थोडे रेंगाळतात. पुढच्या वेळी त्या वेळात समोरच्यांना जोडीजोडीने पट्टी बांधायला लावायचं, असं ठरवतो.

दुपारी ३.००

रेकॉर्डिंगचे तुकडे. पूर्ण तास कुणी पुन्हा पाहणार नाही, म्हणून दीड-दोन मिनिटांचे पाच भाग: पट्टी, पापणी, नळी, गोरमाटीतलं बोलणं, १०८ ला काय सांगायचं. प्रत्येकावर मराठी अक्षरं, कारण एसटीत आणि वॉर्डात लोक आवाज बंद ठेवून पाहतात. फाईल लहान करतो, नाहीतर तांड्यावर उतरत नाही. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना फोन करून संमती घेतो. गोरमाटीत बोललेल्या आशाताई म्हणतात, “टाका की सर, माझं नावबी लिहा.”

संध्याकाळी ५.३०

वॉर्डात फेरी. इथे कॅमेरा नाही, पण सकाळची सवय उपयोगी पडते. नातेवाइकांशी छोटी वाक्यं, नकार दोनदा, आणि शेवटी “तुम्ही घरी काय सांगाल?” हा प्रश्न. सर्पदंशाची नोंद काटेकोर ठेवण्याची सूचना परिचारिकांना देतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. आकडा आमच्या वहीतून सुरू होतो.

रात्री ९.००

ग्रुपवर एकच प्रश्न टाकतो: “रात्रीचे दोन वाजलेत. शेजारच्याला साप चावला. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? बोलून पाठवा.” लिहायला सांगत नाही, कारण वेळ आल्यावर त्यांना बोलायचंच आहे. आवाजी निरोप येऊ लागतात, काही सभागृहातल्यांचे, काही पलीकडच्यांचे. एकेक ऐकतो. बहुतेकींना पाचही गोष्टी आठवतात. दोघीतिघी जोडवी-पैंजण काढायचं विसरल्यात. त्या समोर बसलेल्या होत्या की दूर, हे आवाजावरून ओळखू येत नाही, आणि आजच्या दिवसाची खरी परीक्षा तीच होती. विसरलेल्यांना पट्टीचा तुकडा पुन्हा पाठवतो. ज्या गावांकडून काहीच आलं नाही, त्यांची यादी करतो. उद्या सकाळी ओपीडीआधी त्यांना फोन करायचे, आणि पेरणी सुरू व्हायच्या आत तिथल्या आशाताईंकडून ती पाच वाक्यं तोंडी ऐकायची.